चतुर्थीची भरती

रवींद्रनं माझ्या हातात कागद ठेवला तेव्हा बातम्यांना चार मिनिटं होती. वेळकाळ म्हणून काही कळत नाही त्या माणसाला. आमच्या सरकारी रेडिओ केंद्रावर सकाळच्या बातम्यांआधी दोन मिनिटं हवामान आणि भरती-ओहोटी असते. एकवीस वर्षं ती मीच वाचत होते. कागदात लिहिलेलं, श्रोत्यांचा प्रतिसाद नसल्यामुळे ही दोन मिनिटं महिनाअखेर बंद.

"अहो विनिताताई, भरती आता मोबाईलवर दिसते," तो म्हणाला. तो आमचा कार्यक्रम अधिकारी. "वर्षभरात एक पत्र तरी आलंय का?"

नव्हतं आलेलं, म्हणून तर जास्त झोंबलं. तशीच तणतणत स्टुडिओत बसले आणि तक्त्यातली आदल्या दिवशीची ओळ वाचून मोकळी झाले. होती चतुर्थी, वेळ सांगितली तृतीयेची. चांगला पाऊण तासाचा फरक. नौपाड्यात घरी येऊन कुकर लावला तेव्हा ध्यानात आलं. लगेच केंद्रावर फोन करायला हवा होता. नाही केला. म्हटलं, ऐकतंय कोण मेलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दोन दिवस कोणाचाही फोन आला नाही. म्हणजे रवींद्रचंच खरं होतं.

तिसऱ्या दिवशी काम आटपून निघाले तर फाटकाशी एक म्हातारा उभा. वॉचमनशी बोलले तेवढ्यात त्यानं मला आवाजावरून ओळखलं. कोलशेतचा गुणाजी, खाडीत होडी घालणारा.

"बाय, तुमीच भरती सांगता ना? चवथीला तुमी चुकलात."

आवाज चढवला नाही त्यानं. तो आणि त्याची बायको विमलाबाई जाळं काढून परत येत होते. मी सांगितलेल्या वेळेप्रमाणे तोवर काठाशी पाणी चढायला हवं होतं, ते चढलंच नव्हतं. होडी चिखलात रुतली. विमलाबाई ढकलायला उतरली आणि कालवांच्या शिंपल्यानं तिचा तळपाय चिरला. सात टाके पडले.

"पण काका, तुम्हां लोकांना तर भरती तोंडपाठ असते," मी म्हटलं. लाज झाकायला माणूस काहीही बोलतो.

"असते ना. तिथीची पाऊणपट करायची. चवथ म्हंजे तीन वाजता. खाडीचा उशीर वर धरायचा. बापानं शिकवलेलं. तुमी सव्वादोन बोललात तवा विमल बोलली, रेडिओ चुकला वाटतं. मीच तिला गप केली. बाकी कोन पन खोटं बोलंल, रेडिओ नाय बोलनार. इतकी वर्सं ऐकतोय, एकदा नाय चुकला."

मला तिथंच रडू फुटलं. वॉचमनसमोर. रेडिओसाठी या माणसानं बापाचं गणित बाजूला ठेवलं होतं, आणि मी म्हणत होते ऐकतंय कोण.

"काका, हे सगळं लेखी द्या," मी डोळे पुसून म्हटलं. "माझ्या नावानिशी."

"मी भांडाय नाय आलो. परत चुकू नका, येवढंच सांगायला आलेलो. तुमची नोकरी जाईल बाय."

"जाऊ दे. पत्र नाही दिलंत तर महिनाअखेर भरतीच बंद होणार आहे."

ते ऐकून तो वॉचमनच्या टेबलाशी बसून सांगत गेला आणि मी लिहीत गेले. तारीख, माझी चूक, सात टाके. 'रेडिओवर भरवसा ठेवून आम्ही तिथी सोडली.' खाली त्यानं सही केली.

रवींद्रनं ते दोनदा वाचलं. "ताई, अक्षर तुमचं आहे."

"चूकही माझीच आहे. श्रोत्याचं पत्र हवं होतं ना? पाठवा वर."

त्याला ते दाबता आलं असतं. पण पाठवलं त्यानं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

भरतीची दोन मिनिटं चालू राहिली. मला निवेदकांच्या यादीतून काढलं, त्यात वरच्यांचं काही चुकलं नाही. कोलशेतला जाऊन विमलाबाईचा पाय बघून आले. चार शिव्या देईल वाटलं होतं, तर तिनं चहा दिला.

आता ऐश्वर्या नावाची पोरगी वाचते. आधी वार, तारीख, तिथी, मग भरती. हा क्रम मीच तिला लिहून देऊन आले. नौपाड्यात ओट्याशी उभी राहून मी ऐकते, कॅलेंडरवर तिथी बघते, पाऊणपट करते. अजून तरी चुकली नाहीये.

चुकली तर पत्र मीच टाकणार आहे.