भरल्या कॅनचं माप

सासरेबुवांनी चाळीस वर्षं खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या. त्यामुळे पिकअपच्या हौद्यात डिझेलचे दोन जादा कॅन बसवायचे म्हटल्यावर ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. सकाळपासून गाडी वर्कशॉपच्या दारात पाठ करून उभी होती, मागचा फाळका खाली पाडलेला, आणि सासरेबुवा हौद्यात मांडी घालून मापं घेत होते.

सूनबाई पायरीवर बसून त्यांच्यावर नजर ठेवून होती. मांडीवर सव्वा वर्षाची लेक. तोंड अखंड चालू असायचं म्हणून घरात तिला सगळे फटफटीच म्हणत.

झालं होतं असं, की सूनबाईला माळरानावर गवतांच्या बिया गोळा करायचं चार महिन्यांचं काम मिळालं होतं. फटफटी झाल्यानंतरचं पहिलंच. तळावर राहायला खोल्या होत्या, नवऱ्यालाही तिथला जनरेटर सांभाळायचं काम मिळत होतं. पण शेवटचा पंप मागे पडला की जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर डिझेलचा थेंब मिळणार नव्हता. तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "कॅन कसे बसलेत ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोरीला घेऊन मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही." आणि आज पाचपर्यंत तळावरच्या बाईंना हो की नाही ते कळवायचं होतं.

ही नाही म्हणायला निमित्त शोधतेय, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. खरं तर तिला इतकं जायचं होतं, की त्याचीच धास्ती बसली होती. घाईघाईत हो म्हणून बसू आणि काहीतरी नजरेतून सुटेल, म्हणून ती दुप्पट बारकाईने बघत होती.

"सायलेन्सर डावीकडे आहे ना? कॅन उजवीकडेच येतायत ना?"

"वहिनी, तासाभरात चौथ्यांदा विचारलंस," नणंद म्हणाली. तिने आज मुद्दाम सुट्टी टाकली होती. मदतीला की मजा बघायला, ते तिचं तिलाच ठाऊक. "आता सायलेन्सरच उठून उजवीकडे जाईल, तुझ्या धाकाने."

दुपारपर्यंत पिंजरा तयार झाला. लोखंडी पट्ट्यांचा, वरून उघडा, वर आडवी पट्टी आणि तिला कुलूप. सहा बोल्टांनी तो हौद्याच्या तळाला आवळला. सासरेबुवांनी प्लास्टिकचे रिकामे कॅन वरून आत सोडले, ते खप्‌कन बसले. त्यांनी पिंजरा दोन्ही हातांनी गदागदा हलवून दाखवला. गाडी हलली, पिंजरा हलला नाही.

"बोटभर फट नाही बघ. चोराच्या बापाला निघणार नाहीत."

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पाणी भरून बघू या?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, डिझेलचे कॅन आहेत ते. पाणी कशाला?"

"म्हणूनच. डिझेल भरल्यावर काही निघालं तर पंचाईत."

"काय निघणार आहे?"

"ते माहीत असतं तर पाणी कशाला मागितलं असतं?"

सासरेबुवांची मिशी किंचित वर गेली. नणंदेने नळी आणली. वीस वीस लिटर, दोन्ही कॅन काठोकाठ.

"आता बाहेर काढ," ती नवऱ्याला म्हणाली. "टाकीत ओतायचं तर बाहेर काढावेच लागतील."

नवऱ्याने मूठ धरून कॅन ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला. गाडी स्प्रिंगांवर डुलली, कॅन जागचा ढिम्म. नणंद मदतीला चढली. दोघांनी पाय रोवून ताकद लावली, तेव्हा मूठ तेवढी करकरली.

सूनबाई फटफटीला कडेवर घेऊन वाकली आणि तिच्या लक्षात आलं. भरलेल्या कॅनला पोट सुटलं होतं. पट्ट्यांच्या मधल्या जागांतून ते पोट घडी घडी होऊन बाहेर आलं होतं, आणि प्रत्येक घडी पट्टीत अडकली होती.

"बाबा, माप रिकाम्या कॅनचं घेतलंत?"

"मग?"

"वहिनीला विचारायचं ना आधी," नणंद म्हणाली. "भरल्यावर माप बदलतं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आठव्या महिन्यात न्हाणीघराच्या दारात अडकली होती."

"अडकले नव्हते. तिरकी झाले होते."

आता पाणी काढायला नळी घालून तोंडाने ओढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते काम नवऱ्याकडे आलं. पहिल्याच ओढीला त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो खोकत, शिंकत खाली बसला, आणि फटफटीला इतका आनंद झाला की ती टाळ्या वाजवून "अजून, अजून" करायला लागली.

"माळावर हे डिझेल असतं," सूनबाई हळूच म्हणाली. नवऱ्याने तोंड पुसत नुसती मान हलवली.

सासरेबुवा मात्र पिंजऱ्याकडे बघत फाळक्यावर बसून राहिले. तिला वाटलं, झालं. म्हातारबुवा दुखावले, आता हातोडा टाकून घरात जातील, आणि पाचच्या आत दुसरा कोण मिळणार? नाही म्हणून कळवावं लागणार, आणि तेही आपल्याच तोंडाने झालं म्हणून.

तेवढ्यात ते खो खो हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"चाळीस वर्षं बाहेरचं आत येऊ नये म्हणून जाळ्या केल्या गं. आतलं बाहेर काढायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी खिशातली मापपट्टी काढून तिच्या हातात ठेवली. "घे. तूच माप सांग. मी कापतो."

दोन्ही कॅन रिकामे करून बाहेर काढले, एक जमिनीवर ठेवून पुन्हा काठोकाठ भरला. तिने त्याच्या पोटाभोवती टेप धरली, वर, मधे, खाली, तिन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहिले. त्या मापावर दोन बोटं सूट, तीत जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या. फाळक्याकडची बाजू बिजागऱ्यांवर, खिडकीच्या दारासारखी उघडणारी, कडी घातलेली. आणि वरून घट्ट पट्टा. नणंद पोरीला घेऊन आत गेली. बाहेर ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, वेल्डिंगचा निळा उजेड पडला. चार वाजता सासरेबुवांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आता?"

"आता मी चालवून बघते."

वर्कशॉपमागच्या गल्लीत रस्ता असा नव्हताच, दगड आणि खड्डे होते. तिने भरलेल्या कॅनवर आणि पट्टीवर मिळून खडूची एक रेघ ओढली, स्टिअरिंगवर बसली, आणि निघाली. पहिली फेरी जीव मुठीत धरून. दुसऱ्या फेरीत कान मागे लावून. तिसरीत खड्डा आला तेव्हा तिने तो मुद्दाम घेतला. चौथ्या फेरीची काही गरज नव्हती. ती तिने उगीचच मारली, काच खाली करून, केस तोंडावर येऊ देऊन.

"खडूची रेघ बघायला गेली होतीस की गाव बघायला?" नवऱ्याने विचारलं.

रेघ जुळलेली होती. तिने एका हाताने कडी काढली, पट्टा सोडला आणि वीस लिटरचा कॅन एकटीने सरकवत फाळक्यावर आणला. कुणाला हात लावू दिला नाही.

कॅन सुकायला उपडे घातले. पाचला दहा कमी असताना तिने फोन लावला.

"उद्या निघतोय," ती म्हणाली. "तिघंही. हो, मुलगीसुद्धा. नाही, नाही, डिझेलची काळजी नको, सोय झालीय. चांगली झालीय."

फोन ठेवून वळली तर सासरेबुवा हिरव्या रंगाचा डबा उघडून बसलेले.

"बाबा, सकाळी सहाला निघायचंय. वाळणार कधी?"

"बिनरंगाचं काम माझ्या हातून बाहेर गेलेलं नाही."

तिने तोंड उघडलं. वास, पोरगी, ओला रंग, सगळं जिभेवर आलं होतं. मग तिने डब्याशेजारचा दुसरा ब्रश उचलला आणि म्हणाली, "मग तुम्ही डावीकडून या, मी उजवीकडून येते. वाळायला रात्र तरी मिळू दे."