लिलावातल्या बंदुकीला फुटलेला घाम

बंदुकीला घाम फुटला, तेव्हा तो नीट दिसावा म्हणून जमलेल्या मंडळींनी आधी आपापले चष्मे पुसले.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावाबाहेरच्या एका लिलावघरात जुन्या बंदुकांचा लिलाव होता. एरवी तिथे हौशी अमेरिकन संग्राहक यायचे, नळीत डोकवायचे, चाप चाचपायचे, कॉफी पीत शांतपणे बोली लावायचे. आज मात्र एका टेबलाभोवती रेशमी साड्यांवर जाडजूड पार्का कोट चढवलेल्या बायका आणि बर्फाने ओले झालेले बूट घातलेले इंजिनिअर यांची झुंबड उडाली होती. दाराशी कॉफीचं भांडं वाफा सोडत होतं. टेबलावर तोड्याची एक लांबलचक बंदूक आडवी ठेवली होती. तिची लोखंडी नळी घामाने डबडबली होती. आणि तिच्यामागे, भगव्या कफनीवर फरकोट घालून, श्री बंदूकनाथ महाराज उभे होते.

"पाहा, माउली पाझरली!" महाराज गरजले. "अटकेपर्यंत गेलेल्या फौजेतली ही बंदूक. तिला आपलं रक्त कळतं. सरदारांचा वंशज जवळ आला की तिला घाम फुटतो!"

महाराज कालपरवापर्यंत न्यू जर्सीत आयुर्विमा विकत असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने त्यांचं वजन वाढलंच होतं. मरणाबद्दल ते पहिल्यापासूनच अधिकारवाणीने बोलायचे.

"पण महाराज, सरळ विकतच का देत नाही?" संजीव नावाच्या एका तरुणाने विचारलं.

"दैवत विकायचं नसतं, बाळ. लिलावात ती स्वतः आपला धनी निवडते. तुम्ही फक्त बोलीची पाटी वर करायची, आणि वर करत राहायची."

शैला हे सगळं नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, पाठीशी उभी राहून ऐकत होती. तिच्या पर्समध्ये, थंडीने गोठू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली, इन्शुलिनची बाटली आणि सुई होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराजांनी हीच बंदूक आणली होती. श्रीरंग जवळ गेला आणि बंदुकीला घाम फुटला. महाराजांनी त्यातला एक थेंब त्याच्या जिभेवर ठेवला आणि सांगितलं, "माउली तुमच्या घरी आली की तुमची साखर संपली. सुया फेकून द्या." श्रीरंगचे आजोबा साताऱ्याला पोस्टमास्तर होते. नातू मात्र त्या संध्याकाळी सरदार होऊन घरी आला, आणि सोमवारपासून त्याने इंजेक्शन बंद केलं. आता तो दर थोड्या वेळाने नळावर जाऊन पाणी पीत होता.

"अहो, एवढं एक इंजेक्शन घ्या. मग खुशाल बोली लावा."

"आधी बंदूक घरी येऊ दे, शैला. नाहीतर तिला वाटेल माझा विश्वासच नाही."

बंदुकीला काय वाटेल याची काळजी करणारा हा माणूस पेशाने एअरकंडिशनिंगचा इंजिनिअर होता.

शैलाने सकाळीच कांताताईंना फोन केला होता. कांताताई मूळच्या नागपूरच्या, आता जवळच्याच वूस्टर शहरातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. त्या आल्या, श्रीरंगशी दोन वाक्यं बोलल्या आणि शैलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तोंडाला कुजक्या फळासारखा वास येतोय. याला आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. रात्रीपर्यंत थांबलो तर हा बेशुद्ध पडेल."

"ते बंदूक घेतल्याशिवाय हलायचे नाहीत हो."

"मग बंदूकच बघू."

कांताताई टेबलाशी गेल्या आणि त्यांनी नळीवर हात ठेवला. एव्हाना ती ठणठणीत कोरडी झाली होती.

"वाईट वाटून घेऊ नका, ताई," महाराज गोड आवाजात म्हणाले. "कुळाकुळाचा प्रश्न असतो. आडनावावरून आम्हाला कळतं."

"पाण्यावरून कूळ ठरवायचा धंदा आमच्या घरात चांगला ओळखीचा आहे, महाराज. बरं, बंदूक आता इथेच राहू दे. लिलाव पुकारला की पुन्हा बघते."

महाराजांनी घाईघाईने बंदूक शालीत गुंडाळली. "छे छे! माउलीला गर्दी सोसत नाही. ती गाडीत विसावा घेईल."

बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ चढला होता. माउली त्या थंडीत विसावली. तिच्यापाठोपाठ कांताताईही कोट सावरत बाहेर पडल्या.

बऱ्याच वेळाने लिलाववाल्याने बंदुकीचा नंबर पुकारला. "भारतीय बंदूक. लाकूड नवं, नळी दुसऱ्याच कुठल्या बंदुकीची. आहे तशी विकली जाईल, परत घेतली जाणार नाही." मराठी मंडळींनी हे स्तोत्र ऐकावं तसं भक्तिभावाने ऐकलं. महाराजांनी बंदूक गाडीतून आत आणली आणि शाल उलगडली. बंदूक दरदरून घामाघूम!

"सरदार श्रीरंगराव, माउली बोलावतेय!"

श्रीरंगने पाटी वर केली. संजीवनेही केली. एवढ्यात कांताताई आत आल्या आणि त्यांनी बंदुकीशेजारी चाकाचे नट खोलायचा एक जाडजूड लोखंडी पाना ठाण्णकन ठेवला. बघता बघता त्यावरही थेंब धरले.

"माझ्या गाडीच्या डिकीतला आहे," त्या म्हणाल्या. "जपानी आहे, अटकेच्या दिशेने कधी फिरकलेलाही नाही. तरी मला बघून कसा गहिवरलाय बघा!"

दिगंबरकाका नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी पान्याला नमस्कार केला.

"शास्त्राच्या पलीकडेही काही असतं!" महाराज ओरडले.

"असेलही. पण हे अलीकडचं आहे. इतकं अलीकडचं, की आत्ता तुमच्या चष्म्यावर साचलंय."

महाराज चष्मा पुसू लागले. शैलाने श्रीरंगचा पाटीचा हात धरला. "अहो, तुमच्या ऑफिसात थंड पाण्याच्या पाइपांना घाम सुटू नये म्हणून तुम्ही वेष्टणं घालता ना? त्या पाइपांचं कूळ कधी विचारलंत?"

श्रीरंगने बंदुकीच्या नळीवर तळवा टेकला. मग पान्यावर. दोन्ही सारखेच गार होते. खोलीतली दमट हवा गार लोखंडाला लागली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि लोखंड तापलं की ते सुकतं, हे गणित करण्याचा त्याला दरमहा पगार मिळत होता. महाराज फक्त बंदूक कधी गाडीतून आणायची आणि कधी परत न्यायची एवढंच बघत होते. बाकी सगळं काम भक्तांनी केलं होतं.

"एवढंच?" तो पुटपुटला.

"एवढंच," कांताताई म्हणाल्या.

त्याची पाटी खाली आली. संजीवचीही आली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या अमेरिकनाने बंदूक किरकोळीत घेतली. त्याला नळी नको होती, फक्त चाप हवा होता. महाराज फरकोट सावरत बाहेर पडले. मंडळी मात्र रागावली ती कांताताईंवर. "यार, थोडं हळू सांगायचं ना, अमेरिकन लोकांसमोर," संजीव म्हणाला. फसण्याची त्याला लाज वाटली नाही, फसल्याचं दिसण्याची वाटली.

श्रीरंग खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. शैलाने पर्स उघडली.

"दुखेल," कांताताई सुई भरत म्हणाल्या.

"दुखू दे," असं म्हणून त्याने स्वतःच बाही वर केली. मग दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरून हॉस्पिटलात नेलं. रात्रभर सलाइन चाललं. पहाटे त्याने चहा मागितला, बिनसाखरेचा.

वाचकहो, चमत्कारापुढे हात जोडायला सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही आधी हात लावून बघा. वस्तू गार लागली तर ती कोरडी होईपर्यंत तिथेच थांबा. थांबू नका असं कोणी म्हणालं, तर त्या वस्तूपेक्षा त्या माणसाकडे नीट बघा. आणि त्याच्या सांगण्यावरून घरात कुणाचं औषध बंद झालं असेल, तर वाद नंतर घाला. आधी औषध द्या.