दुसरी बॅग

ब्राझीलला जायचं ठरलं तसं सुहासिनीला त्या विमान कंपनीबद्दल जो तो काहीबाही ऐकवू लागला. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही त्या विमानात पाय ठेवलेला नव्हता. तोक्योतल्या निशी-कसाई भागात, नवऱ्याच्या मित्राकडे, मोहनकडे शनिवारचं जेवण होतं, तिथे तर विषय पुरणासारखा घोटला गेला.

"दक्षिण अमेरिकेची सरकारी कंपनी म्हणजे आपली एसटी समजा, वहिनी," मोहन म्हणाला. "हात केला की थांबणार आणि ड्रायव्हरचा चहा झाला की सुटणार."

"आणि बॅगा?" कुणीतरी विचारलं.

"बॅगा जातात ना. फक्त तुम्ही ज्या खंडात जाता तिथे जात नाहीत."

सगळे हसले. सुहासिनीचा नवरा पुष्कर सगळ्यांत मोठ्याने हसला. "तुम्ही कधी गेला होतात?" असं सुहासिनीने विचारलं, तेव्हा मोहनने पापडाचा तुकडा मोडला. "मी कशाला मरायला जाऊ? ऐकलंय."

याच मोहनला मागच्या वर्षी दोन घरमालकांनी भाड्याने घर नाकारलं होतं. भारतीय लोक फोडणीचा वास करतात, कचरा वेगळा करत नाहीत, असं त्यांनीही ऐकलेलं होतं. तेव्हा हा माणूस आठवडाभर संतापाने धुमसत होता. हे सगळं सुहासिनीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती मुळात कमी बोलणारी, आणि शिवाय पाहुणी. तिने ताकाचा पेला उचलला.

ती पदार्थविज्ञानातली. तोक्योजवळच्या एका संस्थेत पोस्टडॉक करत होती आणि तिथल्या सगळ्या वर्षांत तिने एकच गोष्ट बनवली होती: अवकाशातून येणारे गॅमा किरण मोजणारं एक यंत्र, साधारण शिवणयंत्राएवढं. ब्राझीलच्या दक्षिणेकडून एक मोठा संशोधन-फुगा वातावरणात खूप उंच सोडला जाणार होता. त्याला टांगलेल्या पाळण्यात तिच्या यंत्राला जागा मिळाली होती. ठरलेल्या दिवसापर्यंत यंत्र तिथे पोचून त्याची चाचणी झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या गटाला जाणार होती. तो गट तयारच होता. पुढचा फुगा कधी उडेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि तिचा करार तर त्याआधीच संपणार होता. म्हणून हेच विमान, हाच दिवस. नारिताहून लॉस एंजेलिस, तिथे थोडा थांबा, मग साओ पाउलो.

कंपनीबद्दल तिने स्वतः शोधून काढलेली एक माहिती मात्र खरी होती. या मार्गावर प्रत्येक प्रवाशाला दोन बॅगा नेता येत होत्या, प्रत्येकी बत्तीस किलोच्या. मुंबईला जाताना वीस किलोसाठी घरातला वजनकाटा झिजवणाऱ्या माणसांना हे स्वप्नच वाटावं. तिने ते आनंदाने पुष्करला वाचून दाखवलं, आणि तेच तिला भोवलं.

दोन दिवसांनी पुष्कर ऑफिसातून आला तो बूट काढता काढताच म्हणाला, "अगं, चित्राताईंचं थोडं सामान आहे. तुझी एक बॅग रिकामीच आहे ना?"

"रिकामी नाहीये. तिच्यात सुटे भाग, अवजारं आणि यंत्राचा जादा वीजपुरवठा-संच न्यायचाय. तिकडे एखादी गोष्ट जळली तर मी काय करू?"

"ते तू यंत्राच्या पेटीत बसव ना. तू हुशार आहेस."

"तू मला न विचारता हो म्हणालास?"

पुष्करने दुसरा बूट काढला. चित्राताई म्हणजे त्याचे साहेब जयप्रकाश यांची बायको. त्यांचा मुलगा अंबरीष साओ पाउलोला बँकेच्या नोकरीवर होता, सून ईश्वरीला दिवस गेले होते आणि डोहाळजेवणाची सामग्री तोक्योहून जायची होती. मार्च संपता संपता जयप्रकाश ठरवणार होते, जपानमध्ये कोण राहणार आणि पुण्याला परत कोण जाणार.

"सगळेच एकमेकांचं नेतात," पुष्कर अखेर म्हणाला. "आपलंही नेलंय लोकांनी."

ते खरंच होतं. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्याचं लोणचं, तिसऱ्याचं औषध, चौथ्याच्या बाळाचं झबलं असायचं. त्या देवघेवीवर ओजिमातल्या आणि निशी-कसाईतल्या अर्ध्या संसारांना घरची चव मिळत होती. सुहासिनीला त्याचा राग नव्हता. आपली बॅग आपल्याला न विचारता देऊन टाकली गेली, याचा होता. तरीही तिने अवजारं पेटीत कोंबली. जादा वीजपुरवठा काही केल्या बसेना, तो घरातच फळीवर राहिला. त्याच्याकडे पाहताना तिला आपली स्वतःचीच चीड आली.

निघायच्या दिवशी चित्राताई बॅग घेऊन थेट नारिता विमानतळावर आल्या, ऑफिसच्या गाडीने. बॅग लाल, फुगलेली, चेनीला छोटं कुलूप.

"सुहास, तू म्हणजे अगदी देवासारखी धावून आलीस गं," त्या म्हणाल्या. "ओझं काही नाही. कपडे आणि थोडे लाडू."

"किल्ली देता, ताई? मी एकदा बघून घेते."

"बघायचंय काय त्यात? मी सगळं नीट बसवलंय, एकदा उघडलंस तर परत मिटायची नाही. किल्ली अंबरीषकडे दुसरी आहे."

मागची माणसं पुढे सरकत होती. पुष्करने बॅग उचलून सरळ ट्रॉलीवर ठेवली आणि ट्रॉली ढकलली.

काउंटरवरच्या बाईच्या छातीवर नाकामा असं नाव होतं. चेहरा जपानी, पण बोलण्याला पोर्तुगीजची गोलाई. आजोबांच्या काळी ब्राझीलला गेलेल्या आणि आता नोकरीसाठी जपानला परतलेल्या हजारो घरांपैकी एका घरातली असावी. तिने पासपोर्ट पाहिला, अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा पाहिला, यंत्राच्या पेटीवरचं संस्थेचं पत्र शांतपणे वाचलं. मग नेहमीचे प्रश्न विचारले.

"हे सगळं सामान तुम्ही स्वतः भरलंय का? कुणी काही न्यायला दिलंय का?"

"नाही म्हण," पुष्कर मराठीत पुटपुटला.

सुहासिनीने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. तिच्याआधी या काउंटरवर आलेल्या किती भारतीयांनी ते सहज म्हटलं असेल. पण त्यांचं सामान लोणच्याचं होतं, आणि उत्तर खोटं निघालं असतं तरी लोणचंच गेलं असतं. तिचं उत्तर खोटं निघालं असतं तर लॉस एंजेलिसला तिच्या पेटीवर कुणाचा विश्वास राहणार होता? तारा, नळ्या, उच्च दाबाचा वीजपुरवठा असलेली पेटी. तिच्या बाजूने तिथे बोलणारं एकच माणूस असणार होतं, ती स्वतः.

"पेटी मी भरली," ती जपानीत म्हणाली. "लाल बॅग माझी नाही. आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही."

पुष्करने डोळे मिटून घेतले. चित्राताईंना जपानी फारसं कळत नव्हतं, पण नाकामाबाई, जपानीत नाकामा-सान, फोन उचलतेय एवढं कळलं.

"काय म्हणाली ही? काय सांगितलंस तू?"

"खरं ते सांगितलं, ताई."

"अगं बाई, असं कुणी सांगतं का?"

हातमोजे घातलेला एक माणूस आला आणि दोन्ही नग बाजूच्या टेबलावर गेले. आधी पेटी. सुहासिनीने स्वतः झाकण उघडलं. हा स्फटिक, हवाबंद डब्यात. ही प्रकाश मोजणारी नळी. हा वीजपुरवठा, आता बंद, बॅटरी वेगळी काढलेली. हे चार स्क्रू जादा, कारण यातला एक नेहमी हरवतो. माणसाने बोट ठेवावं आणि तिने नाव सांगावं. तिचा आवाज हळूहळू स्थिर झाला. नाकामा-सानने वाकून पाहिलं. "हे तुम्ही बनवलंत?" तिने विचारलं, आणि सुहासिनीने मान हलवली तेव्हा ती जरा हसली. पेटी बंद झाली, तिच्यावर चिकटपट्टी लागली, आणि ती सरकत्या पट्ट्यावरून आत गेली. सुहासिनीचा श्वास मोकळा झाला.

मग लाल बॅग. किल्ली अर्थातच चित्राताईंच्या पर्समध्ये होती.

वरती हिरवी साडी. तिच्याखाली प्रेशर कुकर, कुकरमध्ये डिंकाचे लाडू. इथपर्यंत ठीक होतं. त्याखाली मात्र पिशव्याच पिशव्या निघाल्या. पिवळी पूड, काळपट पूड, तपकिरी पूड, आणि सगळ्यांत मोठी, दोन-तीन किलोची, पांढरीशुभ्र पूड. एकीवरही नाव नाही. अमेरिकेत पाकिटांतून रोगजंतूंची पांढरी पूड पाठवली गेल्याला अजून फार वर्षं झालेली नव्हती. हातमोजेवाला माणूस एक पाऊल मागे सरला.

"हे काय आहे?" त्याने सुहासिनीला विचारलं.

"रांगोळी, रांगोळी!" चित्राताई मध्येच मराठीत ओरडल्या. "ईश्वरीच्या पाटाभोवती काढायची. सांग ना त्याला!"

"तुम्ही मला कपडे आणि लाडू म्हणाला होतात."

"मेलं रांगोळीचं काय सांगायचं असतं?"

"सुहास, तुला दिसतंय ना ती रांगोळी आहे," पुष्कर म्हणाला. "तू शास्त्रज्ञ आहेस. एक वाक्य बोल, सुटू सगळे."

तिलाही ती रांगोळीच वाटत होती. पण शास्त्रज्ञ असल्यामुळेच तिला वाटणं आणि माहीत असणं यातला फरक ठाऊक होता. आणि ज्या बाईने कपडे सांगून पुड्या भरल्या, तिच्या शब्दावर आपल्या नावाचा शिक्का मारायला सगळे तिलाच का सांगत होते? सही तिची, जबाबदारी तिची, अडकली असती तर ती अडकली असती. चित्राताई त्याच गाडीने घरी जाऊन चहा प्यायल्या असत्या.

"मला माहीत नाही," तिने त्या माणसाला सांगितलं. "या बाईंची बॅग आहे. त्या म्हणतात, जमिनीवर नक्षी काढायची पूड आहे."

थोडा वेळ त्यांची आपसांत बोलणी झाली. मग नाकामा-सान पुढे आली. "या पुड्या जाणार नाहीत. बाकीचं तुम्ही स्वतः पाहून, स्वतःच्या हाताने भरलंत, तर मी बॅग घेईन. वेळ आहे अजून."

सुहासिनीने ते मराठीत सांगितलं. पोटुशी ईश्वरी तिने पाहिलेलीही नव्हती, आणि त्या मुलीचा यात काही अपराध नव्हता. "साडी, कुकर आणि लाडू मी भरते, ताई. पुड्या राहू देत."

"म्हणजे मेतकूट नाही, गोडा मसाला नाही, रांगोळी नाही? मग पाठवायचं तरी कशाला!" चित्राताईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "गेलं तर सगळं जाईल. आणि तुझ्या त्या पेटीला बरी वाट मिळाली गं? ती तिकडे जाऊन कुणाचं पोट भरणार आहे? शिकलेल्या बायकांना माणसांपेक्षा मेली यंत्रं जवळची. कंपनीला नावं ठेवतात ते उगीच नाही, काय एकेक माणसं भरलीत!"

"कंपनीने काय केलं, ताई? विचारलं. तुम्ही आणि पुष्करने तेवढंही केलं नाहीत."

एवढं तोंडावर बोलायची सुहासिनीची आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. चित्राताईंनी पर्समधून फोन काढला.

तेवढ्यात सुहासिनीचं लक्ष खाली गेलं. पुष्कर गुडघ्यांवर बसून भराभर बॅग भरत होता. पांढरी पिशवी त्याने बाजूला ठेवली होती, पण पिवळी पूड कुकरमध्ये, लाडवांच्या खाली गेली. तपकिरी पुडी साडीच्या घडीत गेली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"पुष्कर, काय करतोयस?"

"अगं, मेतकूटच आहे. त्यांची समजूत निघेल. बाई विचारेल, तू भरलंस का म्हणून. तू फक्त हो म्हण."

तो वर बघून विनवत होता. त्याची भीती तिला कळत होती. मार्च, जयप्रकाश, पुण्याचं तिकीट, सगळं कळत होतं. त्याची पोटतिडीक खोटी नव्हती. पण त्या पोटतिडिकीत तिच्या पेटीला, तिच्या फुग्याला, तिच्या नावाला कणभरही जागा नव्हती. ती पेटी आता आत कुठेतरी पट्ट्यावरून विमानाकडे जात होती, आणि ती परत मागवायला एक खोटा होकार पुरेसा होता. हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. यायला हवं होतं, याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला.

नाकामा-सानने बॅगेला लावायची चिठ्ठी हातात धरली होती. "ही तुम्ही स्वतः भरलीत का?"

"नाही," सुहासिनी म्हणाली. "ही बॅग जाणार नाही. माझा एकच नग आहे."

"एकच?"

"एकच."

नाकामा-सानने मान लववली, चिठ्ठी फाडली आणि बोर्डिंग पास दोन्ही हातांनी पुढे केला.

"मी सरांना काय सांगू?" पुष्कर उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या गुडघ्याला पिवळी पूड लागलेली होती. चित्राताई फोन कानाला लावून पाठमोऱ्या झाल्या होत्या.

"बायकोची बॅग मी तिला न विचारता देऊन टाकली होती, असं सांग."

"एवढ्यावरून मला परत पाठवलं तर?"

"तर त्याला हो म्हणण्यापूर्वी मला फोन करून विचार. एकदा तरी आधी विचार."

तिने पासपोर्टमध्ये पास ठेवला, खांद्यावरची पिशवी सावरली आणि निघाली. राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि तो लवकर उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती.