नववीच्या वर्गाचे सिंहासन

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे, पण अकरा वर्षे मी सिंहासन होते.

माझा जन्म शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात झाला. आठवीच्या मुलांनी सरावासाठी मला बनवले. माझे तीन पाय बरोबर उतरले आणि चौथा बोटभर आखूड राहिला. सुतारकामाचे सर मला हलवून बघत म्हणाले, "असू दे. डगमगेल, पण उभं राहील." मग मी खिडकीखाली पडून राहिले. माझ्यावर भुसा साचे आणि कधीतरी कोणी डिंकाचा डबा ठेवी.

त्या वर्षी शेजारच्या वर्गात भाषेच्या बाई नववीला एक नाटक शिकवत होत्या. नाटक चारशे वर्षांपूर्वीचे होते. साथीच्या दिवसांत एक राजा नगराचे दरवाजे बंद करतो. बाहेर अडकलेल्या लोकांची दया येऊन त्याचा धाकटा भाऊ चोरून एक दार उघडतो आणि साथ नगरात शिरते. मग त्या भावाला शिक्षा सुनावण्याची वेळ राजावरच येते. गोष्ट अशी जिवाला लागणारी होती, पण भाषा जुनी आणि वाक्ये लांबलचक. बाई दोन आठवडे जीव तोडून वाचत होत्या आणि मुले जांभया देत होती. चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला.

मुख्याध्यापकांनी बाईंना व्हरांड्यात गाठले. ते माझ्या खिडकीपाशीच उभे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाई, नाटक बाजूला ठेवा. प्रश्नोत्तरं लिहून द्या, मुलं पाठ करतील."

"सर, मला एक आठवडा द्या."

"आठवडाच. पुढच्या सोमवारी मी वर्गावर येईन."

बाई तशाच आत आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, माझ्यावरचा भुसा पदराने झटकला आणि मला उचलून नववीच्या वर्गात, अगदी मधोमध नेऊन ठेवले.

"हे सिंहासन," त्या म्हणाल्या. "जो बसेल तो राजा. समोर उभा राहील तो भाऊ."

मुलांना गंमत वाटली. आठवडाभर एकेक जण येऊन बसला. सगळे राजे ओरडूनच बोलत. सोमवारी सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा बसला. वर्गात त्याला 'कर्णा' म्हणत. पहिल्याच वाक्याला तो असा गरजला की माझा आखूड पाय कलला आणि तो धपकन खाली आला. वर्ग हसून हसून लोळला.

"राज्य गेलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू आता भाऊ हो. राजा कोण होतंय?"

कोणीच उठेना. बाईंनी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे पाहिले. तिचे बोलणे शेजारणीलाही जेमतेम ऐकू येई, म्हणून तिचे नाव 'कुजबूज' पडले होते.

"बाई, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही," ती म्हणाली.

"नाही तर नाही. मागचा बाक पुढे येईल."

ती येऊन बसली. तिच्याखाली मी डुगडुगू लागले. मग तिने एक पाऊल जमिनीवर घट्ट रोवले आणि माझे डुगडुगणे थांबले. तिने वाचायला सुरुवात केली.

"ऐकू येत नाही," मागून कोणीतरी म्हणाले.

तिने आवाज चढवला नाही. वाचणे थांबवून ती त्या मुलाकडे नुसती बघत राहिली. तो ओशाळला. बाक सरकले, मुले पुढे वाकली. मग तिने पुढचे वाक्य वाचले, "तुझ्या हाती एक किल्ली होती, भावा. माझ्या हाती सारे नगर होते."

समोर उभा असलेला कर्णा आपले वाक्य विसरला. पुस्तक खाली करून तो म्हणाला, "मग मी काय करायला हवं होतं? दाराबाहेर लहान मुलं होती."

हे पुस्तकात नव्हते. बाईंनी त्याला अडवले नाही.

"मला माहीत आहे," कुजबूज म्हणाली. "म्हणून तर मी तुझ्याकडे बघत नाहीये."

मुख्याध्यापक दारात कधी येऊन उभे राहिले, हे कोणालाच कळले नव्हते. तास संपल्यावर त्यांनी बाईंना विचारले, "हे वाक्य कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही, सर. पण राजा भावाकडे न बघता शिक्षा का सुनावतो, हा प्रश्न परीक्षेत येतो. मुलं दरवर्षी पाठ केलेलं उत्तर लिहितात. आज त्यांना ते कळलं."

सरांनी वाकून माझा आखूड पाय हलवून पाहिला. "शिकवा मग तुमच्या पद्धतीनं," ते म्हणाले. "फक्त या स्टुलाला एक पाचर मारून घ्या. पोरं पडतील."

त्या वर्षी काही सगळ्यांनाच भरघोस गुण मिळाले नाहीत. कर्णा तर व्याकरणात गटांगळ्या खातच राहिला. पण नाटक वर्गात टिकले. आणि कुजबूज पुढेही हळूच बोलायची, पण तिला 'मोठ्यानं बोल' असे पुन्हा कोणी म्हटले नाही.

पुढे दर वर्षी नवे राजे आले आणि नवे भाऊ आले. मग बाई निवृत्त झाल्या. नंतर आलेले सर कष्टाळू आहेत. ते पडद्यावर नाटक दाखवतात आणि मुले गुपचूप बघतात. मला अडगळीच्या खोलीत हलवले गेले. आता माझ्या अंगावर वाळलेल्या रंगाचे ओघळ आहेत. एका कडेला वाळवीही लागली आहे.

मित्रांनो, माझी कोणावर तक्रार नाही. एवढेच मागणे आहे. तुमच्या शाळेतही अशा एखाद्या खोलीत माझ्यासारखे स्टूल असेल आणि कपाटात असे एखादे अवघड, जुने नाटक असेल. दोन्ही बाहेर काढा. नाटक मोठी माणसे चांगले म्हणतात म्हणून नुसते पूजेला ठेवू नका, चार जण मिळून वाचा, चुका, भांडा. आणि स्टूल पुसूनबिसून काचेमागे ठेवू नका. वाळवी झटका आणि बसा. स्टुलाला मान नको असतो, वजन हवे असते.