खिडकीकडचा पाय

परळच्या एका जुन्या शरीरशास्त्र संग्रहालयात मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. काम एकच, जुन्या हाडांसाठी नव्या पाट्या लिहिणं. शनिवारी मोठ्या दालनाला प्राध्यापक पेल्हॅम यांचं नाव देणार होते. १८५१ साली त्यांनी एक पाय दोन मिनिटं दहा सेकंदांत कापला होता. त्याच पायाची हाडं मधल्या कपाटात मांडायची होती.

"सडलेलं हाड, विक्रमी वेळ. एवढंच लिही," विभागप्रमुख हितेंद्र सर म्हणाले.

मी नडगी भिंगाखाली धरली. डावा पाय. सडल्याची एकही खूण नाही. म्हणून पेल्हॅमची नोंदवही उघडली.

रुग्ण लहू, माहीमचा कोळी, वय सुमारे तीस. उजवी नडगी सडलेली. क्लोरोफॉर्म शहरात मिळत होतं, पण पेल्हॅम वापरत नसत. ओरडणारा रुग्ण जिवंत असतो, असं ते शिकवत. उजेडासाठी कापायचा पाय नेहमी खिडकीकडे ठेवत आणि सुरी घेतली की तोच कापत. त्या दिवशी बाकांवरच्या विद्यार्थ्यांना नीट दिसावं म्हणून लहूला टेबलावर डोक्याच्या जागी पाय करून झोपवलं. खिडकीकडे डावा पाय आला.

चौघांनी खांदे दाबले. सुरीच्या पहिल्या फेरीत कातडी गेली, दुसरीत मांस, हाडापर्यंत. रक्त पहिल्या बाकावर उडालं. लहूने एकाच्या मनगटाचा लचका तोडला. करवत चालू असतानाची नोंद अशी: 'रुग्ण दुसरा पाय वारंवार वर उचलत होता. त्यावर दोन विद्यार्थी बसवले.'

ते वाक्य मी तीनदा वाचलं. सडलेला पाय कोणता, ते तो दाखवत होता.

चार दिवसांनंतरची नोंद: तोच रुग्ण, उजवा पाय, तीन मिनिटं. टेबलावरच मृत्यू.

उजवा पाय तळघरात सापडला. नडगी पोखरून भोकं पडलेली. दोन्ही पावलं मोजली. चोवीस सेंटिमीटर, मिलिमीटरचाही फरक नाही. दोन्ही एकाच माणसाची.

"वैदेही, तुला पाट्या लिहायला घेतलंय, खटला चालवायला नाही," सर म्हणाले. "पावणेदोनशे वर्षांनी कोण विचारायला येतंय? करार वाढवून हवाय ना?"

"हवाय."

"मग सांगितलं तेवढंच लिही."

शनिवारी मी मधल्या कपाटात दोन्ही पाय शेजारी ठेवले. पाटी लिहिली: 'लहू, कोळी, माहीम. डावा पाय निरोगी, तो आधी कापला. उजवा सडलेला, तो चार दिवसांनी. त्यातच मृत्यू.'

सरांनी ती वाचली, फाडली आणि तुकडे खिशात कोंबले. पाय हलवायला वेळ उरला नव्हता. पाहुणे जिना चढत होते.

प्रमुख पाहुण्या डॉक्टर सुचित्रा, चाळीस वर्षं शस्त्रक्रिया केलेल्या, काचेपाशी वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"हा डावा तर ठणठणीत आहे. हा का कापला?"

सर म्हणाले, "जुनी गोष्ट आहे, मॅडम. चला, पडदा उघडायचाय."

त्या हलल्या नाहीत.

"खिडकीकडे होता म्हणून," मी म्हणाले. "पाटी सरांच्या खिशात आहे."