मावशींचं नाक

वृद्धाश्रमाच्या फ्रिजला तापमान दाखवणारा काटा होता. काटा वर चढला तर आतलं अन्न टाकून द्यायचं, असा नियमही भिंतीवर चिकटवलेला होता. पण स्वयंपाकीण मावशींचं नाक असताना काट्याकडे बघतो कोण? झाकण उचललं, एकदा हुंगलं, की निकाल लागला! व्यवस्थापक साहेबसुद्धा त्यापुढे बोलत नसत.

मग मावशींना ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. कांदा करपून कोळसा झाला तरी पत्ता लागेना. सांगणार कुणाला? नाक गेलं म्हटलं की मान गेला, आणि या वयात दुसरी नोकरी कुणी ठेवलीय! मावशींनी शक्कल काढली. हुंगल्यासारखं करायचं आणि हळूच धाकट्या जावेच्या तोंडाकडे बघायचं. जाऊ त्यांच्याच हाताखाली होती. तिच्या पोटात काही राहत नसे, चेहऱ्यावर तर मुळीच लपत नसे. तिनं नाक मुरडलं की मावशी फर्मावायच्या, "ओतून दे."

एका सकाळी फ्रिजचं दार किलकिलं दिसलं. रात्रभर तसंच राहिलं असणार. आत कालच्या सुपाचं पातेलं होतं. मावशींनी झाकण उचललं, वाकल्या, जावेकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरा.

"छान आहे. गरम कर, दुपारी वाढू."

दुपारी वाढून झालं. जाऊ भांडी घासायला बसली आणि सटासट शिंकली.

"कालपासून नाक चोंदलंय हो, ताई. बरं झालं, सकाळी तुम्ही हुंगलंत. मी आपली तुमच्या तोंडाकडे बघत होते."

मावशी ओल्या हातांनीच जेवणाच्या खोलीत धावल्या. साहेब दारातच उभे होते. असू देत, आता कसली लाज!

"सूप खाऊ नका! चमचे खाली ठेवा! फ्रिज रात्रभर उघडा होता. आणि मला वास येत नाही. त्या तापापासून काही म्हणजे काही येत नाही."

चमचे थांबले. खिडकीजवळच्या आजींनी मावशींना जवळ बोलावलं.

"रडतेस कशाला, बाई? आम्हाला तरी कुठे येतो वास? इथं कुणालाच येत नाही. तू वाढतेस म्हणून खातो."

त्यांनी वाटी पुढे केली. ती रिकामी होती.