चाकू हातात द्यायचा नसतो

मी चाकू बनवतो म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग दाराकडे. म्हणून आधीच सांगतो, माझ्या चाकूने आजवर कुणी साधा कांदासुद्धा चिरलेला नाही. मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी मिटणारे चाकू करतो, तळहाताएवढे, शोभेचे. पातं माझं, मूठ माझी, आणि उघडताना 'टक्' असा जो आवाज येतो तो तर खासच माझा. त्या आवाजापायी मी आठवडा आठवडा कानस घासत बसतो. मुठीवरची नक्षी मात्र श्रुतिकाची.

श्रुतिका म्हणजे घाटकोपरच्या काशीराम मेस्त्रींची मुलगी. काशीरामकाकांनी चाळीस वर्षं एका भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून भांड्यांवर नावं घातली. कुणाच्या लग्नात कुणी कळशी दिली आणि कुणी नुसत्या वाट्यांवर भागवलं, हे त्या भागातल्या निम्म्या घरांत काकांच्या अक्षरात वाचता येतं. पुढे मशीन आलं आणि काकांनी छिन्नी-हातोडी घरी आणली. ती मुलीने उचलली. ती पोलादावर शेवग्याची पानं खोदते तेव्हा वाटतं, फुंकर मारली तर हलतील. अक्षराच्या वाटेला मात्र ती जात नाही. "अक्षर बाबांचं," म्हणते, "माझा 'श्र' अजून लंगडतो."

काकांचा नियम एकच. काय हवं ते गिऱ्हाइकाने कागदावर लिहून द्यायचं आणि कागदावर असेल तेच उमटणार, वेलांटीसुद्धा इकडची तिकडे नाही. काम झालं की कागद तारेला अडकवायचा. उद्या कुणी भांडायला आलं तर पुरावा.

श्रुतिकाचाही एक नियम आहे. चाकू हातात द्यायचा नाही, देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं. त्यामुळे अकरा महिने आमच्यातला एक जण चाकू टेबलावर ठेवायचा आणि दुसरा उचलायचा. मी इंजिनियर माणूस, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी एकदाही नियम मोडला नाही, कारण श्रुतिकाशी भांडण मला परवडणारं नव्हतं.

आता सगळं सांगतोच आहे तर हेही सांगतो. मी तिच्या प्रेमात पार येडा झालो होतो. ती माझ्या लाईटच्या बिलांमागे हिरव्या बॉलपेनने वेली काढायची आणि मी ती बिलं जपून ठेवायचो. बोलायची मात्र छाती होत नव्हती. चाकूतल्या पट्टीची जाडी केसभर चुकली तर मला झोप येत नाही, इथे तर अख्खं आयुष्य चुकलं असतं. त्यात जयपूरच्या एका दागिन्यांच्या कारखान्याने तिला नोकरीवर बोलावलं. जानेवारीत रुजू व्हायचं होतं, आणि हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं.

त्याआधी हातातला चाकू पुरा करायचा होता. तो नंदकिशोरकाकांसाठी होता. हे वर्सोव्याचे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांचे दात उपटले आणि आता मखमलीवर चाकू मांडून बसतात. त्यांना रविवारी, चौदा डिसेंबरला, चाकू द्यायचा ठरला होता. अशा चाकूत मुठीच्या आतल्या पट्टीवर करणाऱ्याचं आणि खोदणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. चाकू खोलल्याशिवाय ते दिसत नाही. गुरुवारी मी निळ्या पेनने कागदावर लिहिलं: निहार. त्याखाली श्रुतिका. त्याखाली रविवारची तारीख. कागद आणि पट्टी टेबलावर ठेवली. श्रुतिकाने ती उचलली, "बाबांकडे देते," म्हणाली आणि गेली. दोन नावं एकाखाली एक बघून माझा जीव उगाचच सुखावला होता.

शनिवारी सकाळी मी पट्टी आणायला घाटकोपरला गेलो. काकांनी ती रुमालात गुंडाळून स्टुलावर ठेवली आणि पेपरात तोंड घातलं. एरवी चहाशिवाय सोडत नाहीत. आज चहा नाही, 'बस' नाही, काही नाही. मुलगी लांब चालली म्हणून उदास असतील, असं मला वाटलं.

गाळ्यावर येऊन रुमाल सोडला, भिंग लावलं, आणि माझी वाट लागली.

चि. निहार
चि. सौ. कां. श्रुतिका
१४ डिसेंबर २०२५

अक्षर असं देखणं, की क्षणभर मी नुसता बघत राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. दोन नावं आणि खाली तारीख! जन्मभर लग्नाच्या कळश्यांवर चाललेल्या हाताला याचा दुसरा अर्थ कसा सुचणार? हात आपला सवयीने चालला. आणि पाच वाजता चाकू जोडायला श्रुतिका येणार होती. तिला वाटेल, मीच तिच्या बाबांना गाठून हे घालून घेतलं. ती जयपूरला आजच हो म्हणून कळवेल.

कानस उचलली. पण ही पट्टी घासली तर पातं सैल होणार आणि 'टक्' कायमचा जाणार. कानस ठेवली. पुन्हा उचलली. खरं सांगू? घासता येत नाही म्हणून मी मनातून खूष होतो आणि खूष आहे म्हणून स्वतःवरच चिडलो होतो. शेवटी पट्टी खिशात टाकली आणि रिक्षाने परत घाटकोपर गाठलं.

"काका, यात जरा चूक झालीय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "चूक?"

"सवयीने झालं असेल हो. मी नुसती नावं दिली होती. हे चि., सौ. कां. वगैरे..."

"कागदार जा होता ता घातलंय." आणि मग दोन दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "वर माझी चूक काढतस? तुमी लगीन ठरवल्यात, तारीख धरल्यात, आणि बापाशीक सांगूक नाय! कागद वाचून माका कळता! आणि तारीख खयची, तर उद्याची. हॉल खय आसा? भटजी खय आसा?"

"काका, शपथ, काहीच ठरलेलं नाही."

काकांनी तारेवरून कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. निळ्या शाईत माझं निहार, माझं श्रुतिका, माझी तारीख. आणि दोन्ही नावांच्या आधी, हिरव्या बॉलपेनने, चि. आणि चि. सौ. कां. त्यातल्या 'सौ'च्या मात्रेला एक बारीकसं पान फुटलं होतं.

"ता पान मी घालूक नाय," काका म्हणाले. "ता अक्षर न्हय."

मी तो कागद तीनदा वाचला. मला हसू येत होतं, घाम येत होता, आणि मधेच डोळेही भरून येत होते. असा आनंद मला झेपत नाही, सवयच नाही.

"काका, हा कागद मी नेऊ?"

"नाय. पुरावो आसा तो."

काकांनी आत चहा टाकायला सांगितला, पण तोवर मी जिना उतरलो होतो.

श्रुतिका पाचच्या आधीच येऊन गाळ्याच्या पायरीवर बसली होती. हिरवं पेन कानामागे. मला बघून उठली नाही.

"घासून काढलंस?" तिने विचारलं. अकरा महिन्यांत तिचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी खिशातून पट्टी काढून तिच्यासमोर धरली. तिने वाचली. मग गुडघ्यांत डोकं घालून ती जी हसायला लागली ती थांबेचना.

"सकाळी घेऊन गेलास, फोन का नाही केलास रे?"

"मला वाटलं बाबांची चूक. त्यांना सांगायला गेलो होतो."

"येडा आहेस तू यार. तोंडाने तू जन्मात बोलला नसतास. म्हटलं, पोलादात लिहिलेलं तरी वाचशील."

"पण तारीख उद्याची आहे."

"तारीख तू लिहिलीस. मी कशाला खोडू?"

"आणि जयपूर?"

"सोमवारी कळवायचं होतं ना? उद्याच लग्न असेल तर सोमवारी कसली सवड मिळणार?"

नंदकिशोरकाकांना फोन लावला. म्हटलं, हा चाकू मिळणार नाही, दुसरा करून देतो. काय बिघडलं विचारायला लागले. बिघडलं काहीच नाही, त्यावर आमचं लग्न निघालंय, म्हटलं. मग, अक्कलदाढेचं काही असेल तर लग्नाआधी दाखवून जा, म्हणाले.

आम्ही चाकू जोडला. मी उघडला. टक्. असा स्वच्छ आवाज माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. मिटला आणि नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवायला वाकलो, तर श्रुतिकाने मधेच तळहात पसरला.

"हातात दे."

"अगं, भांडणं होतात म्हणतेस ना?"

"ती आता होणारच आहेत. दे."